जोडीदार

शालन कांबळी तीस वर्षं मालवणात कराटे शिकवत होती. ठोसा समोरच्याच्या अंगाला लागण्याआधी थांबवायचा, हे ती मुलींना रोज सांगे. शेजारच्या हॉलमधल्या ज्युदोला ती नुसती ओढाओढी म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी नवरा वारला, तेव्हापासून ती क्लास सुटल्यावरही थांबायची आणि एकटीच काता करायची. काता म्हणजे समोर कोणी नसताना केलेली लढाई. घरीही समोर कोणी नसायचंच.

एका संध्याकाळी ज्युदो शिकवणारी रेहाना दारात आली. "ताई, माझी जोडीदार आली नाही. दहा मिनिटं उभ्या राहाल?"

शालन उभी राहिली. रेहानाने तिची कॉलर धरली, बाही धरली, तिला पाठीवर घेतलं आणि मॅटवर टाकलं. टाकतानाही बाही सोडली नाही. डोकं आपटू नये म्हणून हात वर ओढून धरला.

शालनचे डोळे भरून आले. दोन वर्षांत तिला कोणी असं धरलं नव्हतं.

"लागलं का, ताई?" रेहाना घाबरली.

"नाही," शालन पडल्यापडल्याच म्हणाली. "पण इतक्यात हात सोडू नकोस."