सोयरीक

निवडणूक तोंडावर आली आणि होणारे व्याही विरोधी पक्षात गेले. त्याच दिवशी तिच्या बाबांनी तिचं ठरलेलं लग्न मोडलं. "त्या गद्दाराच्या घरी लेक देण्यापेक्षा तिला जन्मभर घरी बसवीन," असं भर सभेत सांगून त्यांनी टाळ्या मिळवल्या. ती प्रचारभर बाबांच्या पक्षाची पत्रकं वाटत दारोदार फिरली. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याच्या घरावरून जाताना मात्र मान वर करायचा तिला धीर झाला नाही.

निकाल लागला. बहुमत कुणालाच मिळालं नाही, आणि पुढच्या महिन्यात दोन्ही पक्षांनी मिळून सरकार बनवलं. त्या संध्याकाळी बाबा हसतच घरात शिरले.

"झालं गेलं विसरा, असा वरून आदेश आलाय. रविवारी ती मंडळी आपल्याकडे जेवायला येतायत."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "सगळे?"

"सगळे. तोही येतोय." बाबांनी मायेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "स्वयंपाक जरा मन लावून कर हं. त्याची नवी नवरी पहिल्यांदाच आपल्याकडे येतेय."