चिंचोक्यांचा डबा

पंढरीने हाक मारली, "हेमा."

पोर पेटत्या स्टोव्हशेजारी उकिडवी बसून बुटांना पांढरा खडू लावत होती. तिने मान वर केली नाही. त्याने पुन्हा हाक मारली. तिसरी तर कापडगिरणीत साच्यांच्या खडखडाटात मारतात तशी मारली. शेजारच्या बायजाबाई दारातून डोकावून गेल्या. हेमा आपली खडू लावतेच आहे.

पंढरीच्या कपाळावरची शीर तटतटली. उजवा हात आपोआप वर निघाला. त्याने तो खिशात कोंबला, डोळे मिटले आणि मनात प्रभूचं नाव घेत ओठ आवळून उभा राहिला. राग गिळायला वेळ लागला, पण गिळला. मग त्याने फळीवरचा कोकोचा डबा काढला आणि त्यात एक चिंचोका टाकला. सुरुवातीला चिंचोका टाकला की डबा वाजायचा. आता तो इतका भरला होता की आवाजही येत नसे.

पंढरीचा राग साऱ्या खोपट वस्तीला ठाऊक होता. गिरणीत त्याने एकदा हातातला मागाचा लाकडी धोटा मुकादमाच्या अंगावर भिरकावला होता. घरात तर विचारायलाच नको. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी हेमाच्या हातून रेशनची साखर मोरीत सांडली. आठवड्याची साखर. पंढरीने तिच्या कानशिलात अशी ठेवून दिली की नऊ वर्षांची पोर भिंतीवर जाऊन आदळली. दोन दिवस ती अंथरुणातून उठली नाही. पंढरी स्वतःच घाबरला आणि चर्चच्या पाळकसाहेबांकडे जाऊन ढसाढसा रडला. साहेब म्हणाले, कोणी उपवासकाळात मटण सोडतं, कोणी चहा सोडतं. तुम्ही हे सोडा. बायबलात आत्म्याच्या फळांत इंद्रियदमन शेवटी सांगितलंय, तुम्ही तिथूनच सुरुवात करा.

चर्चची रीत अशी, की चाळीस दिवसांत जो जे सोडेल त्यातून वाचलेलं मूठमूठ धान्य ईस्टरला वेदीपुढच्या टेबलावर आणून ठेवायचं. राग वाचवून ठेवणार कशात? म्हणून हा डबा. एक राग गिळला की एक चिंचोका. अंगावर हात टाकला की सगळे ओतून द्यायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. डबा एकदाही रिकामा झाला नव्हता. पंढरीला त्याचं भलतंच कौतुक होतं. चिंचोके बहुतेक सगळे हेमाचेच. मार खाल्ल्यापासून पोरगी हट्टी झालीय, हाकेला ओ म्हणून देत नाही, आणि तरी मी तिला बोट लावलं नाही, असं तो मनाशी घोळवत होता. आज ईस्टरला चर्चमध्ये सगळ्यांपुढे साक्ष देताना तो हेच सांगणार होता.

डबा काखोटीला मारून तो निघाला. बायको सगुणा आणि हेमा पुढे गेल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांना धोंडीबा भेटला. तीस वर्षं साचे चालवून म्हाताऱ्याचा एक कान कामातून गेला होता. त्याने हेमाला काहीतरी विचारलं आणि उत्तर ऐकायला सवयीने चांगला कान, उजवा, पुढे केला. हेमाला त्याचं बोलणं कळलं नव्हतं. तिनेही मान वळवून उजवा कान पुढे केला. दोघं एकमेकांकडे कान करून उभी राहिली. कोणीच बोलेना.

पंढरीला हसू आलं. ते अर्ध्यावरच विरलं. गिरणीत असे कान पुढे करणारे पन्नास म्हातारे तो रोज बघत होता.

तो भराभर चालत हेमाच्या डाव्या बाजूला आला. हळूच म्हणाला, "हेमा." ती समोर बघत चालत राहिली. तो वळसा घालून तिच्या उजवीकडे गेला आणि तितक्याच हळू म्हणाला, "हेमा."

"काय बाबा?" ती लगेच म्हणाली.

पंढरीने सगुणाकडे पाहिलं. सगुणाने पदर सावरला आणि नजर खाली घातली.

"कधीपासून?"

"साखर सांडली त्या दिवसापासून," सगुणा म्हणाली. "डॉक्टरला दाखवलं मी. पडदा फाटलाय म्हणाला. डाव्या कानाला नाही येणार आता ऐकू."

"मला सांगितलं का नाहीस?"

सगुणा पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. "तुमचा डबा भरत होता. म्हटलं, भरू दे. निदान हिचा दुसरा कान तरी वाचेल."

पंढरीला पुढचा रस्ता कसा सरला ते कळलं नाही. चर्चमध्ये तो मांडीवर डबा धरून बसला. हेमा आईच्या डाव्या बाजूला बसली, उजवा कान आईकडे करून. चाळीस दिवस घरीही ती अशीच बसत होती. त्याने ते रोज पाहिलं होतं आणि त्याला काही म्हणता काही दिसलं नव्हतं. डब्यातला एकेक चिंचोका त्याला आठवू लागला. पाण्यासाठी हाक मारली तो. गिरणीत न्यायचा जेवणाचा डबा मागितला तो. आज सकाळचा, सगळ्यात वरचा. त्याला प्रार्थना करावीशी वाटली, पण काय मागावं तेच सुचेना. कान मागायचा, तर कोणत्या तोंडाने?

गाणं संपलं. टेबलावर तांदळाच्या पुरचुंड्या मांडून झाल्या. पाळकसाहेबांनी चष्मा नीट केला आणि साक्षीसाठी पंढरीचं नाव पुकारलं. पंढरी हलला नाही. साहेबांनी पुन्हा पुकारलं. मग तिसऱ्यांदा, जरा मोठ्याने. माणसं वळून बघू लागली. मागच्या बाकावरून बायजाबाई कुजबुजल्या की गिरणीत काम करून ह्यांचेही कान गेले वाटतं.

पंढरीला तिन्ही हाका स्वच्छ ऐकू आल्या होत्या.