समोरची भिंत

स्टुडिओवाल्याने काउंटरवर कागदाचे दोन नमुने ठेवले, एक ग्लॉसी, एक मॅट.

“ग्लॉसीच द्या,” कुमुदताई हळू आवाजात म्हणाल्या. “बिनकाचेची फ्रेम आहे, स्वयंपाकघरात लावायचीय. फोडणीचा धूर बसला तरी पुसता येईल.”

लेकीने वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. तिच्या लग्नाचा फोटो लावायला स्वयंपाकघरच बरं. तिकडे यजमान फिरकत नसत. आताही ते रस्त्यावर स्कूटरपाशी पाठ फिरवून उभे होते.

मागे खाकरण्याचा आवाज आला. यजमान आत आले होते. त्यांनी दोन्ही नमुने उजेडात तिरके धरून पाहिले.

“मॅट करा,” ते स्टुडिओवाल्याला म्हणाले. “माझ्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर खिडकीचा उजेड पडतो. ग्लॉसीवर तिचा चेहरा दिसायचा नाही.”