सात नंबरचा पट्टा

सात नंबरचा पट्टा आजही वाजला होता. दिव्यानीनं लॅपटॉप मिटला आणि कपाळाला हात लावला.

तिचा एम.टेक.चा प्रकल्प सोमवारी सरांपुढे ठेवायचा होता. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बारा बायांना तिनं मनगटावर बांधायला बारा पट्टे दिले होते. वाघाचा वावर असलेल्या भागात पाऊल पडलं की पट्टा वाजायचा आणि लॅपटॉपवर नोंद व्हायची. "यंत्राचं कोणी ऐकतं हे दाखवा, मगच पदवी," सरांनी बजावलं होतं. अकरा पट्टे पंधरा दिवसांत एकदाही वाजले नव्हते. बाया किती जपून वागतात, म्हणून दिव्यानी खुशीत होती. सात नंबर मात्र रोज बोंबलायचा. हा एक बिघडलेला पट्टा अकरांची अब्रू घालवणार, असं तिला वाटलं.

तो बुधरीबाईचा. लॅपटॉप काखेत मारून दिव्यानी तरातरा तिच्या अंगणात गेली. बुधरीबाई फुलं वाळत घालत होती. मनगटात नुसत्या बांगड्या.

"बाई, पट्टा कुठी हाय तुमचा?"

"कबरीच्या गळ्यात! वाघ कुठी रायते, आमाले ठावं हाय. गाईले कोन सांगन?"

"अन् बाकीच्यायचे?" दिव्यानीनं विचारलं.

"धानाच्या ढोलीत ठेवले, जपून. तुही परीक्षा हाय ना त्याच्यावर? जंगलात हरपला तं तुह्या शिक्षनाचं कसं होईन, पोरी?"

दिव्यानीला हसावं की रडावं कळेना. तिचं पंधरा दिवसांचं यश ढोलीत झोपलं होतं.

तेवढ्यात नाल्यापलीकडे पट्टा वाजला. झुडपांत शिरू पाहणारी कबरी थबकली. तिनं कान हलवले, मान वळवली आणि आपसूक घराच्या वाटेला लागली.

"पयले चार दिवस मीच धावून वळवत होती," बुधरीबाई म्हणाली. "आता तिचं तिलेच समजते."

दिव्यानीनं लॅपटॉप पुन्हा उघडला. पाचव्या दिवसापासून सात नंबरची प्रत्येक नोंद मिनिटभरातच संपत होती. इतका आनंद तिला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.

सोमवारी सरांपुढे एकाच पट्ट्याच्या नोंदी आल्या. वर तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: वापरणारीचं नाव, कबरी. वय, सहा. शिक्षण, नाही. यंत्राचं ऐकते का? ऐकते.