बंद गाडीतलं ऑइल

सपनाचा नवरा प्रबुद्ध गेल्यापासून त्याची जुनी गाडी मुलुंडच्या सोसायटीत नुसती उभी होती. घरात दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हती, म्हणून तिने ती विकायला काढली आणि सकाळीच मेकॅनिकला बोलावलं.

त्याने डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढून पाहिली. "मॅडम, साहेब गेल्यावर मागच्या महिन्यात मीच गाडी तपासून ऑइल भरलं होतं ना? बरंच उतरलंय."

"गळत असेल."

त्याने वाकून गाडीखाली पाहिलं. जमीन कोरडी ठणठणीत होती. "गळत नाही, जळतंय. इंजिन म्हातारं झालंय, ऑइल पितं. पण सुरू केलं तरच! चालवतं कोण?"

सपनाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

ऑफिसात तिचं कशात लक्ष लागेना. अर्धी रजा टाकून ती दुपारीच परतली. गेटातून आत शिरताच तोच ओळखीचा घरघराट कानावर आला. गाडी सुरू होती, मागून निळसर धूर निघत होता आणि स्टिअरिंगमागे कोणीतरी बसलं होतं. तिने दार उघडलं.

आत तिचे सासरे होते, भाऊराव.

"बाबा, तुम्ही? तुम्हाला कुठे गाडी चालवता येते?"

भाऊरावांनी वरच्या खिडकीकडे पाहिलं.



"चालवत नाही गं, नुसती सुरू करतो. तो गेला हे तुझ्या सासूच्या लक्षातच राहत नाही. हा आवाज ऐकला की म्हणते, पोरगा जेवायला आला, आणि मगच दोन घास खाते."