ग्राहक : दोन

हेमांगी नार्वेकर सावंतवाडीची लाकडी खेळणी ऑनलाइन विकायची. ग्राहक फोनवर बोलला की दुकानाचं सॉफ्टवेअर त्याची भाषा क्षणात शिकून तिला मराठीत ऐकवायचं आणि तिच्या पॅनेलवर त्या भाषेची नवी ओळ, ग्राहकांच्या आकड्यासकट, उमटायची. आज मेळघाटातल्या सुखलालबाबांनी नातवासाठी बैलगाडी मागवली.

“बाबा, तुमच्या भाषेचं नाव काय लिहू?”

“नाव कशाला, पोरी? ती बोलणारा मी शेवटचाच.”

हेमांगी ओळ जतन करते न करते तोच त्या ओळीतला ग्राहकांचा आकडा एकाचा दोन झाला. बऱ्हाणपूरच्या एक बाई त्याच भाषेत बाहुली मागत होत्या!

“बाबा, फोन ठेवू नका!”

तिने दोघांना जोडून दिलं. बाईंचे दोन शब्द कानावर पडताच बाबा ढसाढसा रडले, मग हसत सुटले.

“अहो, लवकर या,” हेमांगीने नवऱ्याला हाक मारली, “दोघं भांडतायत बघा, कोण आधी बोलणार म्हणून!”