जुन्या रस्त्याचा उतार

गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हापासून शालिकरावांची जुनी जीप पुनर्वसनातल्या घरासमोर ताडपत्रीखाली गंजत पडली होती. यंदा दिवाळी सरल्यावर त्यांनी हट्टानं पवनीचा संघपाल मिस्त्री बोलावला, इंजिन चालू करवलं आणि दोन्ही एक्सल उतरवून चारही चाकांचे ब्रेक नव्यानं बांधून घेतले.

"पण आता जाचं कुठी हाये तुमाले?" बायकोनं, मंदाबाईंनी, विचारलं.

"काकाजी, ब्रेक उतारावर पाहा लागते," काम झाल्यावर संघपाल म्हणाला. "अन् रस्ता मोकळा पाह्यजे."

शालिकरावांनी त्याला शेजारी बसवलं आणि गाडी गावाच्या जुन्या रस्त्याला लावली. तिकडे आता कोणी फिरकत नाही. ओळखीच्या चिंचा मागे पडल्या, उतार लागला. उताराच्या शेवटी डांबर सरळ धरणाच्या पाण्यात शिरलं होतं. अगदी काठाशी आल्यावर त्यांनी पाय दाबला. जीप जागच्या जागी उभी राहिली.

"एकदम पक्के बसले," संघपाल खूश होऊन म्हणाला. मग त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "काकाजी, तोंड काहून उतरलं तुमचं?"

 

"ब्रेक नसते लागले, तं आज घरी पोचलो असतो."